सुट्या भागांची मोटार: हौस, उपयोग आणि कायदा

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. पालघरास राहून तो रोज बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत फिटरच्या कामास जातो. "सर," तो म्हणाला, "सुटे भाग आणून स्वतःच्या हातानें मोटार जोडावी असें मनांत आहे. शर्यतीच्या गाड्यांच्या घराण्यांतली हवी. पण रोज कामावर नेतां आली पाहिजे. वडील म्हणतात, बहिणीच्या कॉलेजसाठीं ठेवलेल्या पैशांचें वाटोळें करूं नकोस. आपणांस काय वाटतें?" यंत्रांचें वेड असलेलीं मुलें आणि काळजींत पडलेले पालक पुष्कळ घरीं आहेत. म्हणून त्यास दिलेलें उत्तर येथें मांडतों.

सुट्या भागांच्या मोटारीस 'किट कार' म्हणतात. तिचें प्रसिद्ध उदाहरण विलायतेंतील. कॉलिन चॅपमन ह्या इंजिनिअरानें १९५७ सालीं 'लोटस सेव्हन' ही गाडी काढली. ती शर्यतींत धांवत असे आणि तीच घेऊन तिचा धनी घरींही जात असे. तयार मोटारीवर तेथें खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून पुष्कळ गिऱ्हाइकें भाग नेऊन गाडी घरींच जोडीत. जोडणीचें पुस्तक सोबत दिल्यास कर लागेल, सबब गाडी सोडविण्याचें पुस्तक देऊन तें उलट वाचावयास सांगत, अशी एक मौजेची गोष्ट सांगतात. १९७३ मध्यें ह्या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले.

ह्या घराण्याचा खरा वारसा आमच्या मतें हलकेपणा होय. पहिल्या सेव्हनचें फोर्ड इंजिन अवघें ११७२ घन सेंटिमीटरचें, सुमारें ४० अश्वशक्तीचें होतें. परंतु पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि गाडीचें वजन अर्ध्या टनाच्या आसपास! आपली मारुती ८०० देखील तीहून जड. वजन कमी असलें म्हणजे लहान इंजिन पुरतें आणि पेट्रोलही कमी जळतें. शर्यतीनें शिकविलेली ही काटकसर गृहस्थाच्याही कामाची आहे.

आपल्या महाराष्ट्रांतही हा प्रयोग झाला आहे. अलिबागजवळ कार्लेखिंड येथील चिंकारा मोटर्सनें ह्याच घाटाची 'रोडस्टर' तयार केली. तिचें अंग फायबरग्लासचें, आणि इंजिन कॉन्टेसा गाडींत असे तें, इसुझूचें १.८ लिटरचें.

तथापि रोजच्या वापराच्या कसोट्या निराळ्या आहेत. पहिली कसोटी पावसाची. अंग जमिनीस टेकलेली, उघडी गाडी जुलै महिन्यांत पालघर-बोईसर रस्त्यावर काय करील? पहिल्या खड्ड्यांत तिचें पोट घासेल आणि धनी भिजेल. दुसरी कसोटी खाऱ्या वाऱ्याची. तारापूर-चिंचणीकडे पत्रा लवकर गंजतो. फायबरग्लास गंजत नाहीं हें खरें. पण त्याखालील पोलादी नळ्या गंजतातच. तिसरी कसोटी सुट्या भागांची. कॉन्टेसाचें उत्पादन २००२ सालीं बंद झालें. ज्या इंजिनाचे भाग गांवच्या दुकानांत मिळत नाहींत, तें रोजच्या गाडींत घालूं नये. सारांश, हलका सांगाडा, जमिनीपासून पुरेशी उंची, पक्कें छप्पर आणि रस्तोरस्तीं दिसणाऱ्या गाडीचें इंजिन, इतकें ज्या गाडींत असेल तीच आपल्याकडे उपयोगी.

अशी गाडी आपले कुशल तरुण जोडूं शकतील. अडतें तें चौथ्या कसोटीवर, कायद्यावर. नवीन गाडीचा नमुना पुण्याच्या ए.आर.ए.आय. सारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. कारखान्यास तें परवडतें. एकच गाडी करणारानें काय करावें? जुन्या गाडीचें रूप पालटावें म्हटलें, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आडवें येतें, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तें ठासून सांगितलें. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनीं भंगारांतून किकनें चालू होणारी जीप बनविली. ती नियमांत बसत नव्हती. तेव्हां आनंद महिंद्र यांनीं २०२२ च्या जानेवारींत तिच्या बदल्यांत त्यांस नवी बोलेरो दिली. गुणाचें चीज झालें, ह्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु पुढच्या लोहारांस वाट मोकळी झाली नाहीं.

नियम सैल करा, असें आम्ही म्हणत नाहीं. घरीं जोडलेल्या गाडीचा ब्रेक फसला तर जीव जाईल तो रस्त्यानें चालणाऱ्या एखाद्या निरपराध मुलाचा. आमचें मागणें इतकेंच कीं, एकेका गाडीची परीक्षा घेण्याची सोय सरकारनें करावी. ब्रिटनमध्यें अशी व्यवस्था १९९८ पासून आहे व २००९ पासून ती नव्या स्वरूपांत चालते. ब्रेक, दिवे, सुकाणू, पट्टे, धूर हें सर्व पारखून मगच ती गाडी रस्त्यावर येते. परीक्षा कडक असावी. पण परीक्षेस बसूंच न देणें हा न्याय नव्हे.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं सांगितलें, "बहिणीच्या पैशांस हात लावूं नकोस. गाडीची नोंदणी होईल असें लेखी मिळाल्यावांचून एक रुपयाही देऊं नकोस. तोंवर हात मात्र रिकामे ठेवूं नकोस." देशांतील इंजिनिअरिंग कॉलेजांचे विद्यार्थी २००७ पासून 'बाहा' स्पर्धेसाठीं स्वतः गाड्या बांधून बंद मैदानावर चालवितात. अशाच एका संघास तो आतां रविवारीं सांगाडा जोडावयास मदत करतो. वडिलांची त्यास हरकत नाहीं. परवां ते स्वतःच त्याचा डबा घेऊन तेथें गेले होते, असें कळतें.