गुस्सा कुठून आला, तेही कोशात लिहा

फारसीच्या वर्गात मी इराणी चित्रपटांतले प्रसंग दाखवते. रडणाऱ्या मुलीला आई म्हणते, 'घोस्से नखोर.' कोणीतरी विद्यार्थी हमखास अर्थ सांगतो, 'गुस्सा करू नकोस.' आई म्हणत असते, 'मनाला लावून घेऊ नकोस.' शब्दशः पाहिलं तर 'दुःख खाऊ नकोस'.

दोन्ही शब्द अरबी 'घुस्सा'तून आले. घुस्सा म्हणजे घशात अडकलेला घास आणि त्याने होणारी तगमग. कुराणाच्या ७३व्या सूरेत नरकातल्या अन्नाच्या वर्णनात हाच शब्द येतो: घशाखाली न उतरणारं अन्न. निशापूरच्या सआलिबी या भाषापंडिताने तर अकराव्या शतकात अडकण्याचे प्रकारच नोंदवले. अन्न अडकलं तर एक क्रियापद, पाण्याने ठसका लागला तर दुसरं, हाडाला तिसरं, स्वतःच्या थुंकीला चौथं! इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनीही या घासाचा विचार केला. जीव जाऊ लागला आणि जवळ दुसरं काही पेय नसलं, तर घास उतरण्यापुरती दारू घ्यायला त्यांनी मुभा दिली. मला हा निर्णय फार मोठ्या मनाचा वाटतो.

घशातली ही तगमग अरबीतच मनाच्या दुःखापर्यंत पोचली होती. फारसीने ते दुःख जपलं. तिथून शब्द हिंदुस्तानात आला आणि त्याचा राग झाला. मला यात नवल वाटत नाही. घरात ज्याला रडायला जागा मिळत नाही, तो माणूस ओरडतो. आपण त्याला तापट म्हणतो आणि त्याचं दुःख विचारायचं राहून जातं.

म्हणूनच आपल्या कोशांची मला खंत वाटते. माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश दिला; त्या तोडीचं काम पुढे फारसं झालं नाही. कोशातली नोंद बहुधा 'अरबी' किंवा 'फारसी' एवढं सांगून थांबते. शब्द कोणत्या अर्थाने निघाला, वाटेत कुठे वळला, हे वाचकाला कळायला हवं. गुस्सा या नोंदीला एक ओळ पुरेल: अरबीत अडकलेला घास, फारसीत दुःख, मराठीत राग. मराठी कोशांच्या नव्या आवृत्त्या निघतील तेव्हा संपादक मंडळात फारसी जाणणारा एक तरी माणूस घ्या. आमच्याकडे शिकलेली मुलं हे काम आनंदाने करतील.