संदुकीतला मुका कागद

गेल्या महिन्यात आम्ही सावंगी (मेघे) इथल्या एका विद्यार्थिनीच्या घरी गेलो होतो. तिच्या जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा शोधणं चाललं होतं. दादींनी संदुकीतून एक पिवळा कागद काढला. म्हणाल्या, "मास्तर, ही उर्दू नाही, मराठीही नाही. टाकून द्यावा का?"

कागद मराठीच होता. लिपी तेवढी मोडी होती.

प्राचीन इजिप्तमध्ये असंच घडलं. दगडावर चित्रलिपी कोरत; पण हिशेब, पत्रं, दावे पपायरसवर भरभर लिहायला लेखनिकांनी तिचंच धावतं रूप वापरलं. पुढे ते धर्मग्रंथांपुरतं उरलं, म्हणून ग्रीकांनी त्याला 'हिएरॅटिक', म्हणजे पुरोहितांची लिपी म्हटलं. वाचणारे संपले आणि ती शेकडो वर्षं मुकी राहिली. 1822 मध्ये शाम्पोलियन यांनी चित्रलिपीचं कोडं सोडवल्यावर तिचाही मार्ग मोकळा झाला.

बालबोधेपुढे मोडी ही तशीच धावती लिपी. आधी रेघ ओढायची आणि हात शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही. आपल्या फारसी-उर्दूतली शिकस्ता अशीच. शिकस्ता म्हणजे मोडलेली! शाळांतून मोडी गेली आणि दोन-तीन पिढ्यांत घरचे कागद परके झाले.

खरं तर या कागदांची अर्धी किल्ली आपल्याच घरात आहे. पेशवेकालीन पत्रांत रजब, सफर असे महिने येतात. सुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत असतात: 'खमस सबैन अलफ' म्हणजे 5, 70 आणि 1000, मिळून 1075. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो. मकतबात जाणारं मूलही हे ओळखेल.

आम्हाला मोडी अडखळतच येते. दादींच्या कागदात 'मौजे' लागलं, मग 'वल्द' लागलं आणि त्यापुढचं नाव वाचताच दादींनी पदर डोळ्यांना लावला. ते त्यांच्या आजेसासऱ्यांचं नाव होतं. दाखल्याला हा कागद चालेल की नाही, ते जाणकाराने पूर्ण वाचल्यावरच कळेल.

तोवर एवढं करू या. असा कागद फेकू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. फोटो काढून ठेवा. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. मोहल्ल्यातल्या एका तरी मुलीला किंवा मुलाला तिथे पाठवू या.