चेहऱ्याचा रंग

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गाला मी 'माझे कुटुंब' हे चित्र काढायला आणि त्याखाली पाच ओळी मराठीत लिहायला सांगितले. चित्रे छान झाली, पण एक गोष्ट मला खटकली. सगळे चेहरे गुलाबी! आपण तळोद्याच्या उन्हात रापलेली माणसे. कोणी सावळा, कोणी काळा. तरीही रंगपेटीतला तो एकच फिकट खडू हातोहात फिरत होता. मुले त्याला 'स्किन कलर' म्हणतात. कोणाची ही स्किन?

एका मुलाने मात्र आपल्या अब्बांचा चेहरा गडद तपकिरी रंगवला होता. मागच्या बाकावरून आवाज आला, "हबशी!" वर्ग हसला. कदाचित तुम्हीही हसला असता. त्या मुलाने चित्र दप्तरात कोंबले.

मित्रांनो, हबशी ही शिवी नव्हे. हबश म्हणजे आफ्रिकेतील आजचा इथिओपिया. तिथला माणूस तो हबशी. हजरत बिलाल हबशीच होते. त्यांचे नाव आपण आपल्या मुलांना हौसेने ठेवतो आणि हबशी या शब्दावर हसतो. हे मला मुळीच पटत नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही एक मोठा हबशी आहे, मलिक अंबर. त्याचे मूळ नाव चापू. लहानपणी तो गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनेत आला. पुढे याच गुलामाने निजामशाहीचा सारा कारभार सांभाळला. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे त्याने जमिनीखालून नहर खोदून पाणी आणले. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याने मुघल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने लढले होते.

या अंबरची दोन चित्रे मी तुम्हांला मुद्दाम सांगतो. पहिले १६१६ च्या सुमाराचे, चित्रकार अबुल हसन याचे. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. समोर भाल्याच्या टोकावर अंबरचे कापलेले डोके आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात असे कधी घडलेच नाही! जहांगीर अंबरला कायमचे नमवू शकला नाही. अंबर १६२६ साली वार्धक्याने वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. जे रणात साधले नाही, ते कागदावर साधून घेतले. जहांगीर आपल्या आत्मचरित्रातही त्याला 'काळतोंड्या' अशा अर्थाची विशेषणे लावतो. आणि त्याच दरबारचा इतिहासकार मुतमिदखान लिहून ठेवतो, की युद्धात आणि कारभारात अंबरला जोड नव्हती.

दुसरे चित्र मुघल दरबारातल्याच हाशिमचे. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अंबर एकटा उभा आहे. अंगात पांढराशुभ्र जामा, जवळ लांब तलवार. चेहरा काळा आहे. हाशिमने तो उजळ केलेला नाही. शत्रूच्या पदरी असूनही त्याने माणूस नीट पाहिला. मला हे चित्र पहिल्यापेक्षा मोठे वाटते.

पण ही दोन्ही चित्रे दुसऱ्यांनी काढलेली. अमेरिकेत जेकब लॉरेन्स नावाच्या काळ्या चित्रकाराने १९४०-४१ मध्ये आपल्याच लोकांची साठ चित्रे काढली. दक्षिणेतला जाच आणि गरिबी सोडून लाखो काळी माणसे उत्तरेच्या शहरांकडे निघाली, त्याची ती कथा. गर्दीने भरलेली स्टेशने, गाठोडी, कारखाने, शाळेच्या फळ्यापुढे उभ्या असलेल्या मुली. प्रत्येक चित्रासोबत एक-दोन साधी वाक्ये आहेत, तुमच्या पाच ओळींसारखीच.

दुसऱ्या दिवशी मी हाशिमच्या चित्राची प्रत वर्गात फिरवली. मागच्या बाकावर ती बराच वेळ थांबली. मग त्या मुलाने दप्तरातून आपला चुरगळलेला कागद काढला, हाताने सपाट केला आणि फळ्याशेजारी लावायला दिला. खाली लिहिले होते, "हे माझे अब्बा. ते नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला जातात. तिथे सावली नसते."