घसा बसला म्हणून

मागे याच सदरात बसलेल्या घशासाठी ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध असे उपाय मी मोठ्या हौसेनं सांगितले होते. त्यात एक वाक्य लिहायचं राहिलं. आवाज तीन आठवड्यांत मोकळा झाला नाही, तर काढे पुरे करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं.

हे शहाणपण उशिरा आलं. आमचे थोरले भाऊजी बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारत. पलीकडच्या आळीला ऐकू जाईल असा खणखणीत आवाज! तो घोगरा झाला तेव्हा आम्ही हसलोच. मी ज्येष्ठमध पाठवला. असे तीन महिने गेले. विडीचं नाव मात्र कुणी काढलं नाही. मीही नाही. थोरल्या दिरांना कोण सांगणार?

दुर्बिणीतून पाहिलं, तुकडा तपासला. स्वरयंत्राचा कॅन्सर. एक स्वरतंतू हलेनासा झालेला.

"आवाज काढून घेणार असतील तर मला नेऊच नका," भाऊजी म्हणाले. जाऊबाईंनी स्वयंपाकघरात माझा हात धरला. "मुके राहू देत गं, पण समोर बसलेले असू देत."

मी आपली मराठी घेऊन बी. ए. झालेली. पण वहीत प्रश्न लिहून नेले आणि डॉक्टरांनीही न कंटाळता सांगितलं. कॅन्सरसाठी अख्खं स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बिलरोथ यांनी १८७३ साली व्हिएन्नात केली. ते काढलं की श्वास कायमचा गळ्याला पाडलेल्या छिद्रातून. बळावलेल्या रोगावर पुढे कित्येक वर्षं मुख्य भिस्त तिच्यावरच होती. मग १९९१ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. ३३२ रुग्ण होते. निम्म्यांची शस्त्रक्रिया करून शेक दिले, निम्म्यांना आधी औषधं आणि मग शेक. दोन वर्षांनी दोन्हीकडे जगलेल्यांचं प्रमाण सारखंच, ६८ टक्के. आणि दुसऱ्या गटात ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र वाचलं. बाकीच्यांचं काढावंच लागलं, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. पुढे २००३ च्या अभ्यासात औषध आणि शेक बरोबरीनं दिल्यावर दोन वर्षांनी ८८ टक्के लोकांचं स्वरयंत्र टिकलेलं दिसलं.

"पण सगळ्यांना हे नाही," ते म्हणाले. गाठीनं कूर्चा पोखरली असेल किंवा प्रत्येक घोट श्वासनलिकेतच उतरत असेल, तर असलं स्वरयंत्र राखून काय करायचं? तिथे काढणंच हिताचं. उलट गाठ अगदी लहान असताना आलात, तर नुसते शेक किंवा लेसरवर भागतं. (ते तीन महिने मला तिथेच आठवले.) भाऊजींची कूर्चा शाबूत होती.

तरी त्यांचा होकार आला तो बाहेरच्या बाकावर. शेजारच्या गृहस्थांनी गळ्यावरच्या छिद्रावर बोट ठेवलं आणि जाडसर पण स्पष्ट आवाजात विचारलं, "चहा घेणार का?" त्यांचं स्वरयंत्र काढलेलं. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये लहानशी झडप बसवली की असं बोलता येतं. भाऊजी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चला, करू."

आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवलं. शेक सुरू झाल्यावर किंवा नंतर दात काढणं जोखमीचं. विडी त्याच दिवशी बंद, कारण ओढत राहिलं तर शेकाचा गुण कमी येतो. मग सात आठवडे, आठवड्याचे पाच दिवस शेक आणि मधून मधून औषधाची सलाईन. चौथ्या आठवड्यापासून घोट उतरेना. तिखट, आंबट, गरम सगळं वर्ज्य. मऊ भात दुधात कालवून, मुगाचं कढण गाळून आणि निववून, शिरा अगदी पातळ, वर तूप सढळ. मीठ-सोड्याच्या पाण्यानं दिवसातून कितीदा तरी गुळण्या. शेवटी नाकातून नळी घालावीच लागली. तेव्हाही शिकवलेले गिळण्याचे व्यायाम सोडायचे नाहीत, नाहीतर गळा गिळणं विसरतो म्हणे. जाऊबाई समोर बसून करून घ्यायच्या. या बाबतीत त्या माझ्यापेक्षा कडक मास्तरीण निघाल्या!

आता नळी नाही. कोरडा घास ताकाशिवाय उतरत नाही, तपासणीच्या आदल्या रात्री घरात कुणी झोपत नाही. आवाज आहे, पण खरखरीत, लिलावाचा नाही. लिलाव पुतण्या पुकारतो आणि भाऊजी मागे बसून पट्ट्या लिहितात. आकडा चुकला की मागूनच ओरडतात.

परवा त्यांनी मुद्दाम फोन केला. "सणाला पुरणपोळ्या पाठव. ज्येष्ठमध नको!"