गाडीचा एसी बंद आणि वैशाखाचे ऊन

उन्हाळी सुट्टी लागली की आपल्या घरांत लग्नपत्रिकांची थप्पी लागते. त्यात या काही वर्षांत बकरी ईदही मे-जूनमध्ये येत असल्याने प्रवास टळत नाही. घरात गाडी असली तरी ती बहुधा जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली असते आणि तिचा एसी नेमका याच दिवसांत दगा देतो. मेकॅनिक जो आकडा सांगतो, तो ऐकून मुलांच्या शाळेची फी डोळ्यांसमोर येते. मग ठरते, ‘राहू दे, काचा उघडून जाऊ.’

काचा उघडून जाता येते. आमचे कुटुंब मागचा सगळा उन्हाळा तसेच फिरले. पण पुण्याकडचे ऊन आणि अकोला, नांदेड, चंद्रपूरकडचे ऊन यांत फरक आहे. पारा चाळिशीच्या पुढे गेला की खिडकीतून येणारी हवा थंड करत नाही, उलट भाजते. म्हणून या विषयाकडे थोडे शास्त्राने पाहू.

सातवीच्या वर्गात मी मुलांना एक प्रयोग करायला सांगते. एक हात ओला करा, दुसरा कोरडा ठेवा आणि दोन्हींवर फुंकर घाला. हवा तीच, पण ओला हात गार लागतो. पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जाते. घाम हेच काम करतो, माठही हेच करतो आणि वऱ्हाडातला कूलरही हेच करतो. एसी नसलेल्या गाडीत आपल्या हाती हीच युक्ती आहे. सुती ओढणी किंवा पंचा ओला करून, पिळून मानेभोवती आणि डोक्यावर ठेवा. वाळला की पुन्हा भिजवा. मुलांचे हात आणि चेहरा ओल्या फडक्याने पुसत राहा. पाण्याच्या बाटलीला ओले सुती कापड गुंडाळून ती वाऱ्याच्या बाजूला ठेवली तर पाणी पिण्याजोगे गार राहते.

कोकणात मात्र हा उपाय अपुरा पडतो. रत्नागिरी-रायगडकडे हवेतच इतका ओलावा असतो की घाम वाळतच नाही. तिथे ओल्या कपड्यापेक्षा वारा कामाला येतो. म्हणून गाडी चालती ठेवा आणि थांबायचे असेल तर गाडीत बसून न राहता सावलीत उतरा.

गाडीत बसण्यापूर्वी चारही दरवाजे मिनिटभर उघडे ठेवा, म्हणजे आत कोंडलेली गरम हवा निघून जाईल. चालत्या गाडीत फक्त पुढच्या काचा उघडल्या तर वारा येतो, पण आतली हवा नीट बाहेर पडत नाही. मागची एखादी काचही थोडी खाली घ्या. एसी बंद असला तरी ब्लोअर चालत असेल, तर बाहेरची हवा आत घेणारे बटण लावा. आतलीच हवा फिरवत राहिल्याने कोंदटपणा वाढतो. बुरखा घालणाऱ्या भगिनींनी प्रवासासाठी सैल आणि सुती कापडाचा निवडावा. नायलॉनच्या चमकदार कापडात घाम अडकतो.

ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. कांदा खिशात ठेवून काही होत नाही, जेवणात खाल्ला तर निदान चव येते. त्यापेक्षा तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी, ताक, पन्हे घेत राहा. ओआरएसची पाकिटे सोबत ठेवा. ती नसतील तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, लहान. घरात मधुमेह, किडनी किंवा रक्तदाबाचे रुग्ण असतील तर प्रवासाआधी डॉक्टरांना विचारून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि उन्हात शरीर लवकर कोरडे पडते. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

हे सगळे करूनही ऊन आपले काम करू शकते. मागच्या मे महिन्यात एका लग्नाहून आम्ही नांदेडहून अकोल्याला परतत होतो. जाताना फज्रनंतर निघालो होतो, त्यामुळे त्रास झाला नाही. परतताना मात्र रुखसत होईपर्यंत तीन वाजले. कळमनुरी मागे पडल्यावर माझ्या सासूबाईंनी विचारले, “आपण कुठे निघालोय?” थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा माझी जाऊ म्हणाली, “भाभी, अम्मीजान थकल्या नाहीत, त्यांना काहीतरी होतंय. गाडी थांबवायला सांगा.” कडुनिंबाखाली गाडी थांबवली. शेजारच्या घरातल्या बाईने काही न विचारता माठच बाहेर आणला. आम्ही त्यांच्या अंगावर पाणी शिंपडले, ओढणीने वारा घातला आणि हिंगोलीत दवाखाना गाठला. त्या बऱ्या झाल्या, अल्लाहचे शुक्र. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर तसेच गेला असतात तर सांगता आले नसते.

म्हणून हे लक्षात ठेवा. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला, अंग तापले, उलट्या किंवा झटके आले तर तो थकवा नाही, उष्माघात असू शकतो. लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, भरपूर पाण्याने अंग भिजवा, वारा घाला आणि 108 वर फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही, तिच्यात वेळ घालवू नका.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. बाळ झोपले आहे म्हणून त्याला गाडीत ठेवून दुकानात जाऊ नका. बंद गाडी उन्हात उभी असली की आतले तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढते. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलांचे अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापते. झोपमोड झालेले मूल थोडा वेळ रडेल, एवढेच. दारात उभी असलेली गाडीही कुलूपबंद ठेवा. मुले लपाछपी खेळताना आत शिरतात आणि त्यांना दार उघडता येत नाही.

आता दुरुस्तीविषयी. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत असतो. फारच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरला, तर पुढच्या महिन्यात पैसे पुन्हा गेले समजा. म्हणून ‘आधी गळती दाखवा’ असे निःसंकोच म्हणा. हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर धुळीने बंद झाला असेल, तो स्वस्तात बदलता येतो. गाडी धावताना गार आणि थांबली की गरम हवा येत असेल, तर पुढचा पंखा आणि कंडेन्सर तपासायला सांगा. दर वेळी मोठाच खर्च असतो असे नाही.

शेवटी एक विनंती लग्नघरांना. आपल्याकडे निकाह जोहरनंतर ठेवतात, मग जेवण, मग रुखसत. म्हणजे पाहुण्यांचा परतीचा प्रवास भर उन्हात. एसी गाडीतून येणाऱ्यांना ते जाणवत नाही. एसटीने, दुचाकीने, जुन्या गाडीने येणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना ते सोसावे लागते. एप्रिल-मेमधला निकाह सकाळी दहाला किंवा इशानंतर ठेवला, किंवा दुपारी थांबणाऱ्यांसाठी एक गार खोली आणि दोन माठ ठेवले, तर खर्च फारसा वाढत नाही. पत्रिका छापायला देण्याआधी घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला विचारा, ‘ही वेळ तुम्हाला झेपेल का?’ त्यांना झेपेल ती वेळ सगळ्यांनाच झेपेल.