पिक्सेल किती, आणि पाहणार कुठून?

खामगाव, मलकापूर, चिखलीच्या बाजारात मोबाईल, टीव्ही घेताना किंवा फ्लेक्स छापताना आता हमखास विचारले जाते, "पिक्सेल किती?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. "किती लांबून पाहणार?" हा उरलेला अर्धा ना ग्राहक विचारतो, ना दुकानदार सांगतो. व्यापारी बांधवांचा पैसा नेमका तिथे वाया जातो.

पडदा असो वा छपाई, चित्र शेवटी ठिपक्यांचेच. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखतो. दवाखान्यात ६ मीटरवरून वाचायचा तक्ता याच मापावर बेतलेला असतो. हिशेब केला तर एका फुटावरून इंचाला सुमारे २८६ ठिपके वेगळे दिसतात, दहा फुटांवरून २९, आणि तीस फुटांवरून जेमतेम १०. त्यापुढचे ठिपके असले काय, नसले काय!

म्हणून रस्त्यावरच्या फ्लेक्सला इंचाला ७२ ठिपक्यांची फाईल भरपूर झाली. "एचडी" म्हणून जादा दर मोजण्याचे कारण नाही. निकाहाची पत्रिका मात्र हातात धरून वाचतात. तिथे ३००च्या फार खाली गेलात तर उर्दू मजकुराचे नुक्ते फुटतात, आणि नुक्ता हलला की अक्षरच बदलते. छापखानेवाल्या भाईंनी काटकसर करायचीच तर फ्लेक्सवर करावी, पत्रिकेवर नव्हे.

टीव्हीचेही तसेच. ४३ इंची फुल एचडी टीव्हीत इंचाला सुमारे ५१ पिक्सेल असतात. दहा फुटांवर बसणाऱ्या घराला ४केचा जादा बारकावा दिसायचाच नाही.

२०१० साली आयफोन ४ आला. त्यात इंचाला ३२६ पिक्सेल होते आणि डोळ्याची मर्यादा गाठल्याचा ॲपलचा दावा होता. तीक्ष्ण नजरेला थोडे अधिक दिसते, हे मान्य. पण आज १०८० बाय २४०० पिक्सेलच्या साडेसहा इंची फोनमध्येही इंचाला ४०५ पिक्सेल मिळतात. त्याहून दाट पडद्यासाठी धंद्याचे भांडवल अडकवणे मला पटत नाही, चाळिशीचा चष्मा लागलेल्याने तर नाहीच.

खामगावच्या चांदी बाजारातील कारागिराने तो पैसा चांगल्या कॅमेऱ्यावर आणि उजेडावर घालावा. गिऱ्हाईक नक्षी बोटांनी मोठी करून पाहते. तेव्हा पडद्याचे नव्हे, फोटोतले पिक्सेल कामी येतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर बारीक कोरीवकाम जसेच्या तसे पोहोचते, आणि त्याला जादा पैसा लागत नाही.