विश्लेषण : भारताचा सामना दूरदर्शनवर मोफत, मग मोबाइलवर पैसे का?

दादरच्या चाळींत एके काळी एका घरातला टीव्ही सगळ्या मजल्याचा असे. सामन्याच्या दिवशी दुकानाबाहेर थांबलेल्या गर्दीवरूनच खेळ कुठवर आला ते कळे. आज तोच चाहता मोबाइलवर सामना उघडतो आणि काही मिनिटांतच पडद्यावर प्लॅन निवडण्याची सूचना येते. ‘क्रिकेटसाठीही आता रिचार्ज?’ हा वैताग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नेहमीचा झाला आहे. पण तो केवळ पैशांपुरता आहे का?

मोफत आयपीएल का संपले?

जून २०२२ मध्ये आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. ४१० सामन्यांचा हिशेब धरला तर एका सामन्याला सुमारे ११८ कोटी रुपये. टीव्हीचे हक्क डिस्ने-स्टारने २३,५७५ कोटींना घेतले. डिजिटल हक्क व्हायकॉम-१८ ने २३,७५८ कोटींना. व्हायकॉमने २०२३ आणि २०२४ चे हंगाम जिओ सिनेमावर मोफत दाखवले, तेही मराठी समालोचनासह. यामागचा हेतू प्रेक्षक खेचण्याचा होता, औदार्याचा नव्हता. दोन्ही स्पर्धकांचे विलीनीकरण नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाले, १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओ हॉटस्टार सुरू झाले आणि मोफत देण्याची गरज उरली नाही. स्पर्धा होती तोवर प्रेक्षकाचा फायदा होता.

चाहत्यांची नेमकी तक्रार काय?

सुरुवातीचा सर्वांत स्वस्त प्लॅन तीन महिन्यांना १४९ रुपयांचा होता. रक्कम मोठी नाही. पण तो एकाच मोबाइलपुरता होता. घरच्या टीव्हीवर सगळ्यांनी मिळून सामना पाहायचा तर २९९ रुपयांचा प्लॅन. शिवाय सगळे एकाच ठिकाणी मिळत नाही. २०२५ मध्ये आयपीएल आणि भारतातील मालिका एका ॲपवर होत्या, आशिया चषक सोनी लिव्हवर आणि फॉर्म्युला वन फॅनकोडवर. दोन-तीन खेळांची आवड असलेल्या घराला तितक्याच वर्गण्या, वर इंटरनेटचा खर्च. केबलवाल्याचे महिन्याचे बिल चुकत नाही ते वेगळेच.

सामने मोफत दाखवण्याचा कायदा आहे ना?

आहे, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. १९९३ च्या हिरो चषकाच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगाल क्रिकेट संघटना यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. त्यावर सरकारची मक्तेदारी नाही, तशी कोणा खासगी कंपनीचीही असू नये, असा त्याचा रोख होता.

पुढची ठिणगी नागपुरात पडली. २१ जानेवारी २००७ रोजी तिथे झालेला भारत-वेस्ट इंडिज एकदिवसीय सामना दूरदर्शनवर थेट दिसलाच नाही, कारण हक्क निम्बस या खासगी कंपनीकडे होते. ओरड झाली, फेब्रुवारीत वटहुकूम निघाला आणि मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचे थेट प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे हक्कधारकांवर बंधनकारक ठरले. टीव्हीवरील जाहिरातींच्या उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाला मिळतो. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि ट्वेन्टी-२० सामने या यादीत आहेत. आयपीएल नाही.

मग दादरच्या घरात त्याचा उपयोग का होत नाही?

कारण हा कायदा अँटेनाच्या काळातला आहे. सक्तीने मिळालेले प्रक्षेपण प्रसार भारतीला फक्त जमिनीवरील मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या डीटीएच सेवेवरून, म्हणजे फ्री डिशवरून दाखवता येते. केबल आणि खासगी डीटीएचवरील दूरदर्शनच्या वाहिनीतून ते पुढे देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये स्पष्ट केले. दरम्यान प्रसार भारतीने बहुतेक ॲनालॉग मनोरे बंद केले. दादरच्या चाळीत किंवा टॉवरमध्ये केबल घेणाऱ्याला दूरदर्शन दिसते, पण त्यावर भारताचा सामना दिसत नाही. तो हवा तर गच्चीवर फ्री डिशची वेगळी छत्री लावायची.

मोबाइलचा तर कायद्यात विचारच नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील इफ्फीत स्वतःचे ‘वेव्हज’ ॲप सुरू केले. मात्र, सक्तीने मिळालेले प्रक्षेपण सरकारी ॲपवर दाखवण्याची तरतूद २००७ च्या कायद्यात नाही.

मंडळ आणि कंपन्यांची बाजू काय?

ती फेटाळून लावण्यासारखी नाही. हक्कांच्या पैशांतूनच स्थानिक स्पर्धा, खेळाडूंचे मानधन आणि राज्य संघटनांचा कारभार चालतो. शिवाजी पार्कवर घाम गाळणाऱ्या मुलाला रणजी खेळून घर चालवता येते, ते यामुळेच. हजारो कोटी मोजलेल्या कंपनीने वसुली करू नये, ही अपेक्षाही बरोबर नाही. आयपीएल हा शेवटी व्यवसाय आहे. त्याचे तिकीट असू शकते.

इतर देशांत काय आहे?

ब्रिटनमध्ये ऑलिम्पिक, फुटबॉल विश्वचषक, विम्बल्डनचा अंतिम सामना अशा स्पर्धा मोफत वाहिन्यांसाठी राखीव आहेत. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांनी २०२४ मध्ये अशा नियमांच्या कक्षेत इंटरनेटवरील सेवाही आणल्या. इंग्लंडमधील क्रिकेटचा अनुभव मात्र वेगळा आहे. २००५ च्या ॲशेसनंतर तिथले कसोटी सामने सशुल्क वाहिनीकडे गेले. मंडळाला पैसा मिळाला, पण क्रिकेट बहुसंख्य घरांतून दिसेनासे झाले, ही खंत तिथे आजही व्यक्त होते. २०१९ च्या विश्वचषकात यजमान संघ अंतिम फेरीत पोहोचल्यावर तो सामना मोफत वाहिनीवरही दाखवावा लागला.

मार्ग काय?

सगळेच फुकट द्या, ही मागणी टिकणारी नाही. पण देशाच्या संघाचा सामना आणि व्यावसायिक लीग यांत फरक करता येतो. कायद्याने तो केलाही आहे. फक्त प्रेक्षक ज्या पडद्याकडे वळला तिथवर कायदा पोहोचलेला नाही. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने प्रसार भारतीच्या ॲपवर आणि केबलवरील दूरदर्शनवर दाखवण्याची मुभा देणारी दुरुस्ती संसद करू शकते. हक्कधारकाचा जाहिरातीतला वाटा तिथेही कायम ठेवता येईल. यापुढे लिलावात बोली लावणाऱ्या कंपन्या हे बंधन धरूनच किंमत ठरवतील.

यात मंडळाचेही हित आहे. आचरेकर सरांच्या पार्कवर आजही मुले किट घेऊन येतात. ती आधी कुठे तरी, कोणाच्या तरी घरी खेळ पाहूनच येतात. ते पाहणे वर्गणी भरू शकणाऱ्या घरांपुरते उरले, तर मैदानाकडे येणारी मुलेही तेवढ्याच घरांतली असतील.